नडगीचे हाड: कोणाचे, कधी आणि किती मोडते

गुडघा आणि घोटा यांच्यामध्ये दोन हाडे असतात. बाहेरच्या अंगाला असते ते बारीक हाड फिब्युला. पुढचे, जाड आणि शरीराचा जवळजवळ सगळा भार पेलणारे हाड टिबिया, म्हणजेच नडगीचे हाड. पोटरीचे मांस मागे आणि बाहेरच्या बाजूला असते. आतल्या अंगाला मात्र गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कातडी आणि तिच्याखाली थेट हाड. अंधारात पलंगाची कड लागली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते यामुळेच. मार मधे कुठे जिरत नाही, सरळ हाडावर बसतो. हाड मोडले तर त्याचे टोक पातळ कातडी फाडून बाहेर यायला वेळ लागत नाही. आणि खालच्या तिसऱ्या भागात रक्तपुरवठा मुळातच बेताचा असल्याने ते जुळतेही सावकाश. मनगटाचे प्लास्टर सहा आठवड्यांत निघते. नडगीचे हाड भक्कम होईपर्यंत चार ते सहा महिने जातात, कधी त्याहून जास्त. एवढे दिवस माणूस कामावरून घरी बसतो. म्हणून संख्येने मनगटाच्या मागे असलेल्या या हाडाची गणती अस्थिरोगतज्ज्ञांनी फार काळजीपूर्वक केली आहे.

गणती करायची तर आधी हाडाचे भाग पाडावे लागतात. लांब हाडाचा मधला दांडा वेगळा आणि दोन टोके वेगळी. गुडघ्याकडचे वरचे टोक रुंद आणि आतून जाळीदार असते. घोट्याकडच्या खालच्या टोकाला फ्रेंच डॉक्टर एतियेन देस्तो यांनी १९११ साली दिलेले ‘पिलाँ’ हे नाव आजही चालते. दांडा मोडतो तो जोराच्या माराने किंवा पिळवटण्याने. वरचे टोक वरून दाब आला की खचते. उंचावरून पायांवर पडलेल्या माणसाचे खालचे टोक चिरडते. हाड एकच असले तरी त्याच्या तीन भागांचे रुग्ण तीन निरनिराळ्या प्रकारचे असतात आणि काळाबरोबर तिघांचे आकडेही वेगवेगळ्या दिशांना गेले आहेत. ‘नडगीची फ्रॅक्चर वाढली की कमी झाली?’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर मिळत नाही ते याच कारणाने.

दुसरी अडचण भागाकाराची. रुग्णालयात किती रुग्ण आले हे मोजणे सोपे असते. ते किती लोकांमधून आले हे कळल्याशिवाय दर निघत नाही. मोठ्या शहरात दहा रुग्णालये असतील, तर एका रुग्णालयातील वाढ हा शेजारच्या रुग्णालयातील घटीचा परिणाम असू शकतो. म्हणूनच या विषयातील बहुतेक विश्वासार्ह आकडे उत्तर युरोपातल्या मोजक्या शहरांतून आले आहेत. स्वीडनमधील माल्मो शहरात तातडीचे उपचार करणारे रुग्णालय एकच होते आणि तिथे विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचे एक्स-रे जपून ठेवले गेले. पन्नास वर्षांपूर्वीच्या रुग्णाची काच किंवा फिल्म बाहेर काढून हाड नेमके कुठे मोडले होते हे पुन्हा पाहता येते. जुन्या नोंदीतल्या डॉक्टरच्या शब्दावर विसंबण्याची गरज नाही. १९५० ते १९८३ या काळातील मांडीच्या आणि नडगीच्या दांड्यांचा अभ्यास याच शहरात झाला. स्कॉटलंडमधील एडिंबरा शहराची स्थितीही अशीच: हाड मोडलेला प्रौढ माणूस बहुधा एकाच विभागात पोचतो.

एडिंबरात चार्ल्स कोर्ट-ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ ते १९९० या काळातील नडगीच्या दांड्याची ५२३ फ्रॅक्चर तपासली. त्यांतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक रस्त्यावरच्या अपघातांतली होती. जवळजवळ तिसरा हिस्सा खेळातून आला होता आणि खेळ म्हणजे बहुतांशी फुटबॉल. साध्या पडण्याचा क्रमांक त्यानंतरचा. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांमध्ये जखम उघडी होती, म्हणजे हाडाचा बाहेरच्या हवेशी संबंध आला होता. हे चित्र तरुण पुरुषाचे आहे: आठवडाभर मोटारसायकल चालवणारा आणि शनिवारी मैदानात उतरणारा.

त्याच शहरातील २००० सालच्या सर्व प्रौढ फ्रॅक्चरची नोंद पुढे प्रसिद्ध झाली. नडगीच्या दांड्याचा दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला २१.५ निघाला, वरच्या टोकाचा १३.३ आणि खालच्या टोकाचा ७.९. तिन्ही मिळून बेचाळीस-त्रेचाळीस. म्हणजे दहा लाख वस्तीच्या शहरात वर्षाकाठी चारशेच्या वर प्रौढांच्या नडग्या मोडतात. सर्व फ्रॅक्चरमध्ये दांड्याचा वाटा जेमतेम दोन टक्क्यांचा होता. वॉर्डात मात्र तो त्याहून बराच मोठा वाटत असणार, कारण मनगटवाला त्याच दिवशी घरी जातो आणि नडगीवाल्याची खाट लवकर रिकामी होत नाही.

पुढची साक्ष स्वीडनची. १९९८ ते २००४ या सात वर्षांत नडगीच्या दांड्याच्या फ्रॅक्चरसाठी रुग्णालयात दाखल झालेल्या १०,६२७ रुग्णांच्या नोंदी तिथे एकत्र करून पाहिल्या गेल्या. वार्षिक दर लाखामागे १८.७ वरून १६.१ वर उतरला होता. घट डोळ्यात भरण्यासारखी नाही, पण सात वर्षांच्या मानाने लहानही नाही. त्याहून बोलके आहे ते कारणांचे कोष्टक. जवळजवळ निम्मे रुग्ण चालता चालता सपाट जमिनीवर पडले होते. वाहतुकीतील अपघातांचा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपास राहिला होता. उघड्या जखमांचे प्रमाण बारा टक्के होते. एका शहराची आणि एका देशाची तुलना तंतोतंत लागू पडत नाही. तरीही मोटारीच्या धडकेपासून घसरून पडण्याकडे झालेला कल या दोन अभ्यासांमध्ये स्पष्ट दिसतो. डेन्मार्कच्या उत्तर भागात पुढे दांड्याचा दर लाखामागे १६.९ भरला, पुरुषांत २१.५, स्त्रियांत १२.३. पुरुषांमध्ये दराचे शिखर दहा ते वीस या वयात होते आणि तरुण पोरे खेळताना पाय मोडून घेत होती. स्त्रियांचे शिखर तिशी ते चाळिशीत, आणि त्या पडल्या होत्या चालताना किंवा घरात वावरताना.

ही घट रुग्णालयात घडलेली नाही, ती रस्त्यावर आणि मैदानावर घडली. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली रस्त्यावरचा मृत्यू आणि गंभीर इजा शून्यावर आणण्याचे धोरण स्वीकारले. त्याच सुमारास युरोपात नव्या मोटारींच्या सुरक्षिततेची जी चाचणी सुरू झाली, तिच्यात पादचाऱ्याच्या पायावर बंपर आदळला तर काय होईल हेही तपासले जाऊ लागले. बंपरची उंची प्रौढ माणसाच्या गुडघ्याच्या जरा खाली येते. जुन्या गाड्यांचा तो कडक लोखंडी पट्टा सरळ नडगीवर बसत असे. फुटबॉलमध्ये नडगीला पॅड बांधणे १९९० पासून नियमाने सक्तीचे झाले. पॅडमुळे मोठ्या धडकेतले फ्रॅक्चर टळतेच असे नाही, पण हलक्या लाथांचा जोर कमी होतो.

बर्फावरच्या स्कीइंगचे उदाहरण तर फारच शिकवणारे आहे. पूर्वी स्कीइंगचे बूट घोट्यापर्यंत आणि पट्टा पक्का असे. स्की बर्फात अडकली की पाय पिळवटून नडगी मोडायची. पुढे बूट उंच झाले, तेव्हा हाड बुटाच्या काठावर मोडू लागले. ठराविक जोर आला की स्की आपोआप सुटेल अशी बांधणी सुधारत गेली आणि नडगीची फ्रॅक्चर झपाट्याने उतरली. अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात १९७२ पासून सलग चाललेल्या एका अभ्यासात ही उतरण टिपली गेली. मात्र त्याच अभ्यासात गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटच्या इजा वाढताना दिसल्या. उंच, ताठ बुटाने नडगीला वाचवले आणि पिळाचा भार वर गुडघ्याकडे पाठवला.

दांड्याकडून टोकाकडे धोका सरकण्याची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. स्वीडनने २०११ साली गोथेनबर्ग येथे फ्रॅक्चरची एक नवी नोंदवही सुरू केली. ती पुढे देशभर पसरली. तिच्यात डॉक्टर स्वतः एक्स-रे पाहून हाडाचा भाग, प्रकार आणि अपघाताचे कारण नोंदवतात. गोथेनबर्गमधील २०११ ते २०१५ या काळातील १,३७१ नडगीच्या फ्रॅक्चरचा हिशेब असा निघाला: एकूण दर लाखामागे ५१.७, त्यातील दांडा १५.७, खालचे टोक ९.१ आणि वरचे टोक २६.९. एडिंबरात पंधरा वर्षांपूर्वी पहिला असलेला दांडा इथे दुसऱ्या क्रमांकावर गेला आणि गुडघ्याकडचे टोक एकट्यानेच निम्म्याहून अधिक जागा व्यापून बसले. शहर बदलले, मोजण्याची रीत बदलली, शिवाय सीटी स्कॅन हाताशी आल्याने साध्या एक्स-रेवर न दिसणारी बारीक चीरही आता सापडते. या तीन गोष्टी वजा कराव्याच लागतात. तरी त्यांच्यापलीकडे काही शिल्लक उरते, आणि ते वयाचे आहे. स्त्रियांत नडगीच्या फ्रॅक्चरचा दर वयाबरोबर चढत जातो. पुरुषांत तो निरनिराळ्या वयांत बराचसा सारखा पसरलेला असतो.

वरच्या टोकाचा इतिहासही या बदलाची साक्ष देतो. १९२९ साली कॉटन आणि बर्ग या अमेरिकी डॉक्टरांनी या फ्रॅक्चरला मोटारीच्या पुढच्या भागावरून नाव दिले, कारण त्यांच्यापुढे येणारे रुग्ण मोटारीने उडवलेले पादचारी होते. ‘बंपर फ्रॅक्चर’ हे नाव अजून पाठ्यपुस्तकांत आहे. रुग्ण मात्र बदलला. आता त्याच खाटेवर साठीतली बाई असते. पायरी चुकली, गुडघा आत वळला आणि मांडीच्या हाडाचे टोक नडगीच्या जाळीदार माथ्यात रुतले. पाळी गेल्यानंतर स्त्रियांचे हाड झपाट्याने विरळ होते आणि ही विरळी कवचासारख्या दांड्याआधी टोकाच्या जाळीत जाणवते. दांड्याचे आणि टोकाचे आकडे उलट दिशांना का गेले, याचे निम्मे उत्तर या हाडाच्या पोतात आहे. उरलेले निम्मे, वाढलेल्या आयुर्मानात.

जगभराचा अंदाज घेतला तर हेच कोडे मोठ्या प्रमाणावर समोर येते. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या प्रकल्पाने २०१९ सालासाठी सर्व प्रकारच्या नव्या फ्रॅक्चरची संख्या १७ कोटी ८० लाख इतकी काढली. १९९० च्या तुलनेत ती तिसऱ्या हिश्शाने जास्त होती. वयाचा फरक काढून टाकला तर दर मात्र सुमारे साडेनऊ टक्क्यांनी घटला होता. माणसे वाढली, त्यांतली म्हातारी जास्त वाढली, म्हणून मोडलेली हाडे वाढली. साठ वर्षांच्या एका माणसाचा धोका पूर्वीपेक्षा थोडा कमीच झाला. दोन्ही विधाने खरी आहेत आणि बातमीत बहुधा पहिलेच येते. या अंदाजात गुडघ्याची वाटी, नडगी, फिब्युला आणि घोटा यांचा एकच गट केलेला आहे. तो सर्व गटांत मोठा ठरला: वर्षाला लाखामागे सुमारे ४२० नवी फ्रॅक्चर. एडिंबराच्या बेचाळिसाशी हा आकडा ताडून पाहणाऱ्याला धक्का बसेल, पण गटात घोटा आहे हे विसरता कामा नये. घोट्याची फ्रॅक्चर नडगीच्या दांड्याच्या कितीतरी पट असतात.

गणतीतून निसटणारा एक प्रकार वेगळा सांगायला हवा. एका मोठ्या माराशिवाय, हजारो लहान धक्क्यांनी हाडाला पडणारी चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर. पहिल्या आठवड्यांत ती एक्स-रेवर बहुधा दिसत नाही, रुग्ण दाखल होत नाही आणि नोंदवहीत तिचे नाव लागत नाही. मुद्दाम शोधली तर ती किती निघते हे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायली सैन्यातील अभ्यासाने दाखवले. २९५ नव्या जवानांचा प्रशिक्षणभर पाठपुरावा केला, तेव्हा ३१ टक्क्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर झाल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुतेक नडगीच्या किंवा मांडीच्या दांड्यात होती. लाखामागे वीसचा हिशेब मांडणाऱ्या शास्त्रात शेकडा एकतीस हा आकडा! निवडक गट आणि डोळ्यांत तेल घालून केलेला शोध या दोन गोष्टींनी दर किती बदलतो याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. गोल्फपटू टायगर वुड्सच्या नडग्यांनी तर दोन्ही प्रकार भोगले. २००८ ची अमेरिकन ओपन स्पर्धा त्याने डाव्या नडगीत स्ट्रेस फ्रॅक्चर असताना जिंकली. फेब्रुवारी २०२१ मध्ये लॉस एंजेलिसजवळ गाडी उलटून उजव्या पायाची दोन्ही हाडे तुकडे तुकडे होऊन उघडी पडली आणि नडगीत रॉड घालावा लागला. पहिले फ्रॅक्चर एरवी कुठल्याच तक्त्यात आले नसते, दुसरे प्रत्येक तक्त्यात आले असते.

उपचार बदलले की आकडेही हलतात, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. दाखल रुग्णांवरून दर काढायचा तर प्लास्टर घालून घरी पाठवलेला माणूस हिशेबाबाहेर राहतो. नडगीच्या पोकळीत रॉड घालून आडवे स्क्रू बसवण्याची पद्धत १९८० नंतर रुळली, तेव्हा पूर्वी प्लास्टरवर भागलेले रुग्णही शस्त्रक्रियेसाठी दाखल होऊ लागले. एकाच माणसाचा रॉड बसवताना, सैल स्क्रू काढताना आणि हाड न जुळल्याने पुन्हा शस्त्रक्रिया करताना तीन वेळा दाखला झाला, तर बेसावध मोजणीत एका नडगीच्या तीन होतात. रुग्णांना ओळख क्रमांक देणाऱ्या देशांचे आकडे म्हणूनच अधिक भरवशाचे मानले जातात.

भारताचे चित्र एडिंबराच्या १९८८ च्या चित्राला जवळचे आहे, फक्त त्यातून फुटबॉल वजा करून दुचाकी कितीतरी पट वाढवायची. मोटारीत बसलेल्या माणसाच्या नडगीपुढे पत्रा असतो. दुचाकीस्वाराच्या नडगीपुढे काही नसते. गाडी आडवी होते तेव्हा पाय इंजिन आणि डांबर यांच्यात चेपला जातो; बाजूने रिक्षा किंवा मोटार घासून गेली तर तिचा बंपर नेमका नडगीच्या उंचीवर येतो. हाड आडवे मोडते, कातडी फाटते आणि जखमेत रस्त्याची माती जाते. डोके वाचवायला हेल्मेट आहे, नडगीसाठी तसे काही सर्रास वापरात नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. महाराष्ट्रात त्या वर्षी ३३,३८३ अपघात आणि १५,२२४ मृत्यू नोंदले गेले. वाहतूक आणि इजा यांचा संबंध किती सरळ आहे हे टाळेबंदीने दाखवले: २०१९ मध्ये साडेचार लाखांच्या घरात असलेली जखमींची नोंद २०२० मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास उतरली.

या जखमींत नडग्या किती, हे अहवाल सांगत नाही. सर्व फ्रॅक्चरची स्वीडनसारखी राष्ट्रीय नोंदवही भारतात नाही. पोलिसांच्या कागदात हाड येते ते कायद्याच्या व्याख्येतून. ‘गंभीर दुखापत’ म्हणजे काय हे सांगणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये हाड किंवा दात मोडणे किंवा निखळणे हा एक प्रकार होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्येही तो तसाच आहे. कायद्याच्या लेखी पडलेला दात आणि सहा महिने अंथरुणाला खिळवणारी नडगी एकाच रकान्यात बसतात. गावाकडचे काही रुग्ण तर आधी हाड बसवणाऱ्याकडे जाऊन पट्टी बांधून घेतात. त्यातले जुळले ते कुठेच नोंदले जात नाहीत, बिघडले तेवढे रुग्णालयात पोचतात.

दुसरा ओघ भारतातही सुरू झालेला आहे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांची संख्या १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. २०५० पर्यंत हा वाटा वीस टक्क्यांच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. रस्ते कितीही सुधारले तरी नडगीच्या वरच्या टोकाची फ्रॅक्चर त्यामुळे वाढणार. युरोपात एक लाट ओसरल्यावर दुसरी आली. इथे तरुणांची नडगी मोडण्याचे थांबलेले नसतानाच म्हाताऱ्यांचीही मोडू लागली आहे, आणि अस्थिरोग विभागाला दोन्ही एकाच वॉर्डात सामावून घ्यावी लागत आहेत.

रस्त्यावरच्या अपघातांची एकत्रित डिजिटल नोंद करणारी ‘आयरॅड’ ही प्रणाली केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. एकाच अपघाताची माहिती पोलीस, परिवहन, बांधकाम आणि आरोग्य हे विभाग आपापल्या बाजूने तिच्यात भरतात. आरोग्य विभागाच्या नोंदीत मोडलेल्या हाडाचे नाव आणि भाग नियमाने उतरला, तर रस्त्यावर मोडणाऱ्या नडग्यांचा दर जिल्हावार काढता येईल. न्हाणीघरात घसरलेल्या आजींची नडगी मात्र अपघाताच्या त्या नोंदीत येणार नाही. तिच्यासाठी रुग्णालयांची वेगळी नोंदवही लागेल.